"शांत" म्हणजे नक्की काय? स्कोलिओसिस असलेल्या मुलांची प्रश्नावली मराठीत आणताना

पाठराखीण

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. काम मुख्यतः स्कोलिओसिस असलेल्या मुलामुलींबरोबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्कोलिओसिसमध्ये पाठीचा कणा बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळतोही. एक्स-रेवर कॉब कोन, म्हणजे कण्याच्या वळणाचा कोन, मोजतात, तो १० अंश किंवा जास्त भरला तर स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातला जो सर्वात जास्त दिसतो त्याचं कारण सापडत नाही, म्हणून त्याला 'इडिओपॅथिक' म्हणतात. शंभर मुलांमागे दोन-तिघांत तो असतो, पण वाढत जाणारे मोठे बाक मुलींमध्ये बरेच जास्त. साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल आणि उंची अजून वाढत असेल तर पट्टा, म्हणजे ब्रेस. ५० च्या आसपास गेला की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

या मुलांचं आयुष्य कसं चाललंय हे विचारणारी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एसआरएस-२२आर. २२ प्रश्न, पाच विभाग: कार्यक्षमता, वेदना, स्वतःचं दिसणं, मानसिक स्वास्थ्य (प्रत्येकी ५ प्रश्न) आणि उपचारांबद्दल समाधान (२ प्रश्न). प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम.

परवानगी घेऊन तिचं मराठी भाषांतर केलं. रीतसर केलं. दोघांनी स्वतंत्र मराठी केलं, त्यातल्या एकाला विषय माहीत होता, दुसऱ्याला नव्हता. मग दोन्हींचा मेळ घातला. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी त्याचं पुन्हा इंग्रजी केलं. समिती बसली. फॉर्म भरून घेतले.

आता अडलंय ते असं. मानसिक स्वास्थ्याच्या पाच प्रश्नांतला एक प्रश्न बाकीच्या चौघांशी जुळतच नाही. उलट दिशेने जातो! ज्या मुलीला बाकी चारांत कमी गुण, तिला त्यात भरघोस. त्यामुळे त्या विभागाचा अल्फा (एका विभागातली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली राहतो. तो प्रश्न काढला की छान वर जातो. एका ज्येष्ठांनी सांगितलं, "काढून टाक, २१ प्रश्नांची आवृत्ती म्हणून लिही." माझं मन तयार होत नाही. काय करावं?

दुसरा छोटा प्रश्न: दिसण्याच्या विभागात "तुम्ही आकर्षक आहात असे वाटते का" असं काहीसं आहे. तो बऱ्याच जणींनी कोराच सोडला.

---

आकडेमोड

ताई, काढू नका. निदान अजून नाही.

पहिली गोष्ट, गुण देताना काही उलटसुलट झालंय का ते पाहा. पाचपैकी काही प्रश्न चांगल्याबद्दल विचारतात, काही वाईटाबद्दल. "नेहमी" या उत्तराला एकीकडे ५ आणि दुसरीकडे १ असतो. एका ओळीचं गणित उलटं राहिलं तरी नेमकं तुम्ही म्हणता तसंच चित्र दिसतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न काढला की तुमची प्रश्नावली बाकीच्या भाषांपासून तुटली. मग इतर भाषांतल्या मुलांच्या सरासरीशी तुलना कशी करणार?

---

पाठराखीण

@आकडेमोड, तीनदा तपासलं. मूळ कागदी फॉर्म घेऊन एकेक गुण पडताळला. दिशा बरोबर आहे.

---

हाडवैद्य

मी शस्त्रक्रिया करणारा माणूस. कामाबद्दल आदर आहे, पण एक शंका मनापासून विचारतो. कोन मोजता येतो, पिळाचा अंश मोजता येतो, वाढ किती शिल्लक आहे तेही कळतं. निर्णय त्यावर होतात. मुलीला "कसं वाटतं" विचारून उपचारात नक्की काय बदलतं?

---

वळणवाट

@हाडवैद्य, डॉक्टर, याचं उत्तर मी देऊ का? तेरा ते सोळा, तीन वर्षं पट्टा घातलाय मी.

माझा कोन त्या तीन वर्षांत फारसा वाढला नाही. कागदावर मी यशस्वी रुग्ण. पण वर्गात पेन खाली पडलं तर ते उचलायचं की राहू द्यायचं याचा मी दर वेळी विचार करायचे. कंबरेतून वाकता यायचं नाही, गुडघे मोडून खाली बसावं लागायचं, आणि बसताना पट्ट्याची कड बाकाच्या लाकडावर टक्कन वाजायची. तो आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जातो असं मला वाटायचं. शेजारची मुलगी न सांगता माझं पेन उचलून द्यायची. आजही ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

हे कुठल्या अंशात मोजणार?

आणि फॉर्मबद्दल. तेव्हा मला एक प्रश्नावली दिली होती, तीच होती का आठवत नाही. "कपड्यांमध्ये तू कशी दिसतेस" असं काहीतरी होतं. मी "खूप छान" वर खूण केली. कारण दोन मापं मोठे शर्ट घालून मी सगळं नीट झाकलेलं होतं. आई शेजारी बसून वाचत होती. आणि मनात भीती, वाईट लिहिलं तर पट्ट्याचे तास वाढवतील. पाठराखीण ताई, तुमचे फॉर्म मुलींनी कुणासमोर बसून भरले?

---

पाठराखीण

@वळणवाट, वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. बहुतेक वेळा आई किंवा बाबा त्याच खोलीत होते. संमतीच्या कागदावर सही घ्यायला ते लागतातच, आणि मग तिथेच बसतात. हे लिहून ठेवते.

---

हाडवैद्य

@वळणवाट, मनापासून धन्यवाद. अंशांत हे दिसत नाही हे मान्य. कोन आणि अशा प्रश्नावलीचे गुण यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत कमकुवत निघतो हेही मला माहीत आहे. मी त्याचा अर्थ "प्रश्नावली कुचकामी" असा लावत होतो. दुसरा अर्थही निघतो हे आता दिसतंय. पण माझा मुद्दा अजून पूर्ण सोडलेला नाही, नंतर येतो.

---

शब्दसखी

पाठराखीण, तो अडलेला प्रश्न मराठीत शब्दशः कसा आहे ते आधी सांगा ना. आकड्यांवर एवढी चर्चा झाली आणि प्रश्न आपण पाहिलाच नाही.

---

पाठराखीण

"गेल्या ६ महिन्यांत तुम्ही किती वेळ शांत होता?"

मूळ इंग्रजीत दोन विशेषणं आहेत. दोन्हींना मराठीत "शांत"च येतं, म्हणून समितीने एकच ठेवलं. उलट भाषांतरात दोघांनीही मूळ शब्द बरोबर परत आणला, त्यामुळे यावर चर्चाच झाली नाही.

---

शब्दसखी

सापडलं, असं मला वाटतं. मोठ्या माणसाला "तुम्ही शांत होता का" म्हटलं की मनाची शांती आठवते. तेरा वर्षांच्या मुलीला? "शांत बस." "किती शांत मुलगी आहे!" तिच्या कानावर हा शब्द दिवसभर "गप्प" या अर्थानेच पडतो. मग जी मुलगी पट्ट्यामुळे मिटून गेली आहे, कुणाशी बोलत नाही, ती प्रामाणिकपणे "नेहमी" वर खूण करणार. आणि तुम्ही तिला ५ गुण देणार.

उलट भाषांतराने हे पकडलं नाही यात नवल नाही. भाषांतर करणारा मोठा, सुशिक्षित माणूस. त्याला समोर मानसिक स्वास्थ्याचे प्रश्न दिसत असतात, तो योग्य अर्थ उचलतो.

आता "तुम्ही" कडे बघा. मुलांना आपण "तू" म्हणतो. फॉर्ममध्ये अचानक "तुम्ही" आलं की काही मुलं ते अनेकवचन समजतात, म्हणजे "तुम्ही घरचे सगळे". एकदा शाळेच्या पाहणीच्या भाषांतरात मी हे स्वतः पाहिलंय. "तुम्ही किती वाजता जेवता" याला मुलाने सगळ्या घराचं वेळापत्रक लिहिलं होतं.

---

मास्तर

शब्दसखींशी शंभर टक्के सहमत. चोवीस वर्षं प्रगतिपुस्तकं लिहितोय. "वर्गात शांत असतो" हा शेरा मी शेकडो मुलांना दिलाय, कौतुक म्हणून. आज पहिल्यांदाच वाटलं की त्यातली काही मुलं शांत नसतील, दबलेली असतील.

---

कोरीपाटी

मी स्कोलिओसिस असलेल्या मुलीची आई. लेक चौदा वर्षांची, पट्टा लागून दीड वर्ष झालं. काल रात्री हा धागा आणि प्रश्नावलीतले आणखी काही शब्द तिला दाखवले आणि विचारलं, "यातले शब्द तुला काय वाटतात सांगशील का, मी लिहू का तिथे?" ती हो म्हणाली, एका अटीवर. मी मध्ये बोलायचं नाही. तेव्हा ती म्हणाली तसंच लिहिते.

"शांत": "म्हणजे बोलत नाही ती." मी म्हटलं, तू शांत असतेस का? "शाळेत हो. घरी नाही."

"आकर्षक": "ते जाहिरातीत असतं ना, आकर्षक बक्षिसं." मग जरा थांबून, "माणसाला कोण आकर्षक म्हणतं?"

"तुमच्या पाठीच्या आजारामुळे": "मी आजारी नाहीये." हे जरा रागातच.

"नातेसंबंध": "आत्या, मामा, काका वगैरे."

"पाठ दुखते का": "नाही." मी गप्प राहायचं ठरवलं होतं, तरी राहवलं नाही. म्हटलं, अगं काल तर रडत होतीस. "ती कंबर. पाठ नाही."

शेवटचं लिहिताना माझा हात थांबला. दीड वर्ष मी प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना "पाठ दुखत नाही म्हणते" असंच सांगत आलेय.

---

शब्दसखी

@कोरीपाटी, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. भाषांतराच्या समितीत तिला बसवायला हवं होतं.

पाठ-कंबर अगदी खरं. इंग्रजीत मानेखालपासून माकडहाडापर्यंत एकच शब्द चालतो. आपल्याकडे वर पाठ, खाली कंबर. कण्याचा बाक खालच्या भागात असेल तर दुखणं कंबरेचं, आणि फॉर्म पाठीचंच विचारतो. "पाठ किंवा कंबर" असं स्पष्ट लिहायलाच हवं.

"नातेसंबंध" तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना नातेवाइकांकडेच नेणार. "मित्रमैत्रिणी आणि घरची माणसं यांच्याशी तुझं वागणं-बोलणं" असं फोडून लिहावं लागेल.

---

वळणवाट

"मी आजारी नाहीये". माझं हेच वाक्य होतं! प्रत्येकाला सांगायचे.

मग "आजार" ऐवजी काय? "व्यंग" नको. "कुबड" तर मुळीच नको. तो शब्द टोचतो, आणि वैद्यकीय दृष्टीनेही चूक, कुबड पुढच्या बाजूला वाकल्याने येतं.

---

मास्तर

"पाठीचा बाक" कसं वाटतं?

---

कोरीपाटी

विचारलं. ती हसत सुटली. "पाठीचा बाक म्हणजे शाळेतला मागचा बाक?" दोन मिनिटं हसत होती. पण मग म्हणाली, "कण्याचा बाक म्हटलं तर कळेल."

---

आकडेमोड

हा धागा मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. आकड्यांच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवतो, कारण सगळे अल्फावर भरवसा ठेवून बसतात.

क्रॉनबॅकने १९५१ मध्ये मांडलेला अल्फा एवढंच सांगतो की एका विभागातली उत्तरं एकमेकांबरोबर हलतात का. ती योग्य गोष्टीबद्दल आहेत का, हे तो सांगत नाही. "शांत" पकडला गेला कारण तो उलटा गेला. पण "पाठ/कंबर" बघा. वेदनेचे बरेचसे प्रश्न "पाठ" म्हणतात. कंबर दुखणारी मुलगी त्यांना "नाही" म्हणेल. उत्तरं सुंदर जुळतील, अल्फा ०.८५ सुद्धा येईल, आणि विभाग तिच्याबाबतीत बराच चुकलेला असेल. ०.७० ते ०.९५ ही पट्टी ओलांडली म्हणून काम झालं असं नाही.

तसंच पुनर्चाचणी. एक-दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात आणि बरेच जण नुसता पिअर्सन सहसंबंध (दोन वेळचे गुण एकाच दिशेने हलतात का ते सांगणारा आकडा) काढतात. समजा पहिल्यांदा पाच मुलींना २, ३, ३, ४, ५ गुण मिळाले आणि दुसऱ्यांदा प्रत्येकीला एकेक कमी: १, २, २, ३, ४. पिअर्सन म्हणेल १.००, अगदी परिपूर्ण. प्रत्यक्षात प्रत्येकीचं उत्तर बदललंय. म्हणून आयसीसी (दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्षात किती सारखे आले ते मोजणारा आकडा) काढा, तोही 'संपूर्ण एकमत' तपासणारा प्रकार. ०.७० च्या वर हवा, आणि त्यासाठी किमान ५० मुलं तरी हवीत.

---

हाडवैद्य

परत आलो. माझा राहिलेला मुद्दा असा. समजा सगळे शब्द दुरुस्त झाले. माझ्यासमोर एक मुलगी बसली आहे. मागच्या वेळी दिसण्याच्या विभागात तिची सरासरी ३.६ होती, आता ३.२ आहे. मी काय समजायचं? खरंच बिघडलंय की त्या दिवशी मूड वाईट होता?

---

आकडेमोड

@हाडवैद्य, हाच खरा प्रश्न, आणि त्याला उत्तर आहे. समजा त्या विभागाचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत ते) ०.६ आणि आयसीसी ०.८४ आला. मोजमापातली चूक म्हणजे ०.६ गुणिले (१ वजा ०.८४) चं वर्गमूळ, म्हणजे ०.६ × ०.४ = ०.२४. एका व्यक्तीतला खरा बदल म्हणायला त्याच्या २.७७ पट फरक लागतो, म्हणजे ०.६६ च्या आसपास. तुमच्या मुलीत ०.४ चा फरक आहे, तेव्हा नुसत्या आकड्यावरून "बिघडलं" म्हणता येणार नाही. गटाच्या सरासरीत मात्र एवढा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत. पाठराखीण ताईंनी मराठी आवृत्तीसाठी स्वतःचे काढावेत आणि अहवालात ठळक द्यावेत. तपासणीच्या खोलीत उपयोग त्याचाच.

---

हाडवैद्य

हे पटलं. असा एक आकडा हातात असेल तर मी प्रश्नावली फाइलमध्ये ठेवून देणार नाही, वापरेन. आणि ०.४ ने घसरलेली असेल तर निदान तिला विचारेन तरी.

---

निळीशाई

थोडं विषयांतर. पट्टा खरंच उपयोगी पडतो का? माझ्या भाच्याला सांगितलाय, बहीण द्विधा मनःस्थितीत आहे.

---

हाडवैद्य

@निळीशाई, २०१३ साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढ पूर्ण होईपर्यंत कोन ५० च्या खाली राहिला तर यश, असं धरलं होतं. पट्टा घेतलेल्यांत ७२ टक्के यश, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. रोज किमान १८ तास घालायला सांगितलं होतं, आणि पट्ट्यात तापमान टिपणारं छोटं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे खरे तास कळले. सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे. भाच्याची वाढ किती राहिली आहे यावर बरंच अवलंबून, ते त्याच्या डॉक्टरांशीच बोला.

---

वळणवाट

@निळीशाई, आणि भाच्याशी पण बोला. तास त्यालाच काढायचे आहेत.

@हाडवैद्य, तुम्ही सांगितलेल्यात मला एक दिसतं. तास मोजायला यंत्र आहे. त्या तासांत काय होतं ते मोजायला प्रश्नावली. आणि एसआरएस-२२आर मध्ये पट्ट्याबद्दल थेट काहीच नाही ना?

---

पाठराखीण

बरोबर. पट्ट्यासाठी वेगळी आहे, ब्रेस क्वेश्चनेअर, २००६ साली ग्रीसमध्ये तयार झालेली, ३४ प्रश्नांची. पट्टा घालणाऱ्यांत आणि सौम्य बाक असणाऱ्यांत एसआरएस-२२आर ची एक अडचणही आहे. कार्यक्षमता आणि वेदना विभागांत खूप मुलं थेट ५ वर जाऊन बसतात. १५ टक्क्यांहून जास्त मुलं सर्वोच्च गुणांवर असली तर 'छत लागलं' असं म्हणतात, त्यापुढचा फरक दिसत नाही.

शब्दांकडे परत येते. "आकर्षक" चं काय करू? "छान दिसतो/दिसते" केलं तर प्रत्येक ठिकाणी तिरकी रेघ येते, मुलांना वाचायला त्रास होतो. मुलांचा आणि मुलींचा फॉर्म वेगळा छापू का?

---

शब्दसखी

वेगळे फॉर्म टाळा, दोन आवृत्त्या झाल्या की दोन्ही तपासाव्या लागतील. मराठीत वाट काढता येते, क्रियापदाचा कर्ता बदलायचा. "तुझं दिसणं तुला आवडतं का?" यात लिंगच येत नाही. "तू दमतेस का" ऐवजी "तुला दमायला होतं का".

---

आकडेमोड

सुंदर वाक्य आहे, पण मला खटकतंय. मूळ प्रश्न स्वतःच्या आकर्षकपणाबद्दल आहे, म्हणजे इतरांच्या नजरेत मी कशी, हे त्यात आहेच. "तुला आवडतं का" हे स्वतःपुरतं झालं. एखादीला स्वतःचं दिसणं आवडत असेल आणि तरी लोकांना मी विचित्र दिसते असं वाटत असेल.

---

शब्दसखी

मान्य. पण त्या वयाच्या मुलीला "लोकांना तू आकर्षक वाटतेस का" विचारलं तर ती पान कोरं ठेवेल, ठेवलंच आहे. कोऱ्या उत्तरापेक्षा थोडं सरकलेलं उत्तर बरं.

---

आकडेमोड

तिथे आपलं जमणार नाही. सरकलेलं उत्तर कोऱ्यापेक्षा जास्त फसवतं, कारण ते दिसत नाही.

---

वळणवाट

"आपण छान दिसतो असं तुला वाटतं का?" हे चालेल? "आपण" मध्ये मुलगा-मुलगी दोन्ही बसतात. आणि "आपण छान दिसतो" म्हणताना आरसा आणि लोक दोन्ही असतात. माझ्या मनात तरी तसंच असायचं.

---

शब्दसखी

हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. फक्त "आपण" म्हणजे "आपण सगळे" असं तर कुणी वाचणार नाही ना, ते मुलांकडूनच तपासून घ्या.

---

पाठराखीण

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा येते आहे, पण रिकाम्या हाताने नाही.

मी प्रश्न काढला नाही. जमलेले फॉर्म बाजूला ठेवले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मुलांबरोबर एकेकटी बसले. आईबाबा बाहेर, त्यांना आधीच समजावून सांगून. प्रत्येक प्रश्न वाचायचा, मोठ्याने विचार करत उत्तर द्यायचं, आणि मग "हाच प्रश्न तुझ्या मैत्रिणीला तू कसा विचारशील" हे सांगायचं. पूर्वचाचणी ३० ते ४० जणांवर करावी असं मार्गदर्शक सूचनांत असतं. पहिल्या फेरीत मी ती केली होती, पण फक्त "समजलं का?" एवढंच विचारलं होतं. मुलं मान हलवतात. समजलंच असतं, त्यांच्या पद्धतीने.

"शांत" बद्दल शब्दसखी, तुम्ही बरोबर होतात. जवळजवळ प्रत्येकाने आधी "गप्प" हाच अर्थ सांगितला. एक मुलगी पहिल्या फेरीतलीच होती, तेव्हा तिने "नेहमी" वर खूण केली होती. या वेळी आम्ही दोघीच. ती म्हणाली, "पट्टा लागल्यापासून मी शांतच झालेय." तोच शब्द. मी तो फॉर्म मागच्या वेळी हातात घेऊन ५ लिहिले होते.

"मन शांत" करून पाहिलं. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे डोक्यात सारखं काही चालू नसतं तेव्हा." आणखी एकीने "निवांत" हा शब्द स्वतःहून काढला. समितीने आता ठरवलंय: "गेल्या ६ महिन्यांत तुझं मन किती वेळ शांत आणि निवांत होतं?" मूळचे दोन शब्दही परत आले.

"तुम्ही" चं "तू" झालं. "पाठ किंवा कंबर" झालं. "आजार" गेला, "कण्याचा बाक" आला. कोरीपाटी, तुमच्या लेकीचा शब्द समितीने एका बैठकीत, एकमताने घेतला. "आपण छान दिसतो असं तुला वाटतं का" यावर अजून वाद चालू आहे. "आपण सगळे" असं वाचणारी मुलं थोडी निघाली, म्हणून "आपण स्वतः" असं करून बघतोय. आकडेमोड, तुमची हरकत नोंदवून घेतली आहे, आणि तो प्रश्न इतरांशी कसा जुळतो ते वेगळं तपासून लिहिणार आहे.

कार्यक्षमता विभागातला पैशाच्या अडचणीचा प्रश्न (पाठीमुळे घरात पैशाची अडचण येते का) मात्र मुलांना उत्तर देता येत नाही असंच दिसतंय. "ते बाबांना विचारा" म्हणतात. मूळ प्रश्नावलीतही कार्यक्षमता विभाग २००६ मध्ये सुधारून घ्यावा लागला होता, तेव्हाच ती 'आर' झाली. तो प्रश्न ठेवते आहे, पण त्याबद्दल अहवालात उघड लिहीन.

---

आकडेमोड

जुने फॉर्म नव्यांत मिसळू नका, एवढंच. प्रश्न बदलला म्हणजे मोजपट्टी बदलली. कष्ट वाया गेल्यासारखं वाटेल, तरीही.

---

पाठराखीण

नाही मिसळणार. पुन्हा पहिल्यापासून भरून घेते. या वेळी दाराबाहेर खुर्च्या मांडल्या आहेत पालकांसाठी.

---

हाडवैद्य

माझ्याकडच्या मुलांना पाठवतो. आणि माझ्या तपासणीच्या कागदावर कालपासून "पाठ" च्या पुढे "कंबर" लिहिलंय.

---

कोरीपाटी

लेकीने निरोप दिलाय, शब्दशः: "त्यांना सांग, एक प्रश्न राहिलाय. पट्टा काढल्यावर पहिली पाच मिनिटं कसं वाटतं, ते कुणीच विचारत नाही."

---

पाठराखीण

तिला सांगा, या प्रश्नावलीत मला नवीन प्रश्न घालता येत नाही. पण पट्ट्याची ती ३४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली मराठीत आणायचं मनात आहे. परवानगीसाठी या आठवड्यात पत्र पाठवते. पट्ट्याबद्दल तिला अजून जे जे सांगायचंय ते एका वहीत लिहून ठेव म्हणावं, मी वाचेन. पहिल्या भाषांतराला दोघं लागतील, एक विषय माहीत असलेलं आणि एक नसलेलं. कोण येतंय?

---

शब्दसखी

विषय माहीत नसलेली मी. आता थोडा माहीत झालाय, चालेल ना?

---

वळणवाट

दुसरी मी.